त्या वर्षी काय झालं?

माझ्या दवाखान्यातून रस्ता ओलांडला की बारा पावलांवर त्याची लॅब होती. पावलं मोजलेली आहेत, कारण माझे पेशंट रक्त द्यायला तिकडे जात आणि तास-तासभर परत येत नसत. मी खुर्चीत बसून खिडकीतून बघत राही. रक्त काढायला दोन मिनिटं लागतात. उरलेली अठ्ठावन्न मिनिटं आत काय चालतं, हा प्रश्न घोडेगावात दवाखाना टाकल्याच्या पहिल्या वर्षापासून मला छळत होता.

सगळा गाव त्याला 'भाऊ' म्हणे. मी म्हणत नसे. तोंडावर 'अहो' म्हणायचो आणि मनात 'तो'. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस, तरी इथेही मी 'तो'च लिहिणार आहे. इतक्या वर्षांची सवय आता कुठे मोडायची?

दिसायला खास काही नव्हतं. उंच, सावळा, जरा पोक काढून चालणारा. पांढरा कोट मी त्याच्या अंगावर कधी पाहिला नाही. पेशंटला खुर्चीत बसवून तो स्वतः समोर उकिडवा बसे, म्हणजे पेशंट वर आणि हा खाली. दंडाला पट्टा बांधला की शीर चाचपताना तो थेट हाताशीच बोलायचा, "जरा टोचंल हां. माफ करा." सुई निघाली की कापूस दाबून पुन्हा, "माफ करा." एक आजी माझ्याच दवाखान्यात, माझ्याच बाकावर बसून शेजारणीला सांगत होती, "आमच्या मालकानं उभ्या जन्मात एकदा बी माफी मागितली न्हाई. ह्यो दर म्हयन्याला दोनदा मागतोय!" दोघी खूप हसल्या. माझ्या दवाखान्यात मी कुणाला असं हसवल्याचं मला आठवत नाही.

रक्त काढून झालं की चहा. आणि चहा अर्धा झाला की त्याचा तो प्रश्न.

साध्या तापाच्या पेशंटला तो काही विचारत नसे. पण ज्यांचे सांधे सुजलेत, अंगावर पांढरे डाग उठलेत, थायरॉईड बिघडलाय, डोक्यावरचे केस पुंजक्याने गळताहेत, थोडक्यात ज्यांच्या शरीराने स्वतःवरच हात उगारला आहे, त्यांना तो हमखास विचारी, "हे सुरू व्हायच्या आदी, त्या वर्षी काय झालं?"

आणि लोक सांगत. चूल होती की गॅस होता, मशेरी कधीपासून लावता, द्राक्षाच्या बागेत फवारणीला किती वर्षं गेलात, कोणता ताप आला आणि किती दिवस राहिला, बाळंतपणं किती, कोण गेलं, कोण घर सोडून गेलं, कोण परत आलं. तो सगळं दोनशे पानी वहीत लिहून घेई. शाळेतली पोरं वापरतात तसली रेघांची वही. एका माणसाला दोन पानं. अक्षर मोत्यासारखं. माझं अक्षर घोडेगावातला औषधवाला सोडून कुणाला लागत नाही.

तो मूळचा शिनोलीचा. बाप मेंढरं राखायचा, वर्षातले निम्मे महिने कळपाबरोबर बाहेर. हा विज्ञान शिकला, पुण्याला एका संशोधन संस्थेत मदतनीस म्हणून लागला. आधी काचेची भांडी धुवायला, मग हळूहळू नमुने तयार करायला. तिथे आठ वर्षं काढून तो आईच्या आजारपणासाठी गावी परतला आणि त्याने लॅब टाकली. येताना पुण्याहून त्याने एक शब्द आणला होता, एपिजेनेटिक्स, म्हणजे जनुकं तीच राहून त्यांतली कोणती चालू आणि कोणती बंद होतात त्याचा अभ्यास. तो शब्द तो तोडून तोडून, जपून उच्चारायचा, लांबच्या नात्यातल्या मोठ्या माणसाचं नाव घ्यावं तसा. मी एमबीबीएस. कॉलेजात हा विषय मी परीक्षेपुरता वाचला होता आणि परीक्षेनंतर सोडून दिला होता. त्याने सोडला नव्हता. पुण्याच्या जुन्या ओळखीच्यांकडून तो नव्या लेखांच्या प्रती मागवायचा आणि इंग्रजी शब्दकोश शेजारी घेऊन दुपारभर वाचत बसायचा.

त्याचा पहिला मार मला बसला तो शिनोलीच्या दोन जुळ्या बहिणींमुळे.

दोघी इतक्या सारख्या की माहेरचे लोकही आवाजावरून ओळखत. एक शिनोलीतच दिली होती, दुसरी डिंभ्याला, धरणाच्या कडेला. शिनोलीतली माझी पेशंट. कांदा काढणीचे दिवस होते. थकवा येतो, बोटं दुखतात, गाल लाल होतात, असं सांगत ती आली. दिवसभर उन्हात वाकून कांदा काढणाऱ्या बाईचे गाल लाल होणार नाहीत तर काय होईल? मी रक्त आणि लघवी तपासायला पाठवली, रक्त कमी निघालं, मी लोहाच्या गोळ्या दिल्या.

रिपोर्टला एक चिठ्ठी टाचलेली होती. 'लघवीत प्रोटीन आहे. गालावरची लाली नाकाच्या दोन्ही बाजूंना सारखी आहे, नाकावरूनही गेली आहे. विचार व्हावा.'

मला राग आला. मी फोन लावला. "अहो, निदान करायला मी बसलोय इथं."

"व्हय साहेब," तो म्हणाला. "म्हणून तर तुमाला लिवलं. मला करायचं असतं तर मी तिलाच नसतं का सांगितलं?"

चिठ्ठी मी टेबलाच्या खणात टाकली. तीन आठवड्यांनी त्या बाईचे पाय सुजले, चेहरा सुजला, आणि मी तिला घाईघाईने पुण्याला पाठवलं. ल्युपस. शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच मूत्रपिंडावर चालून गेली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी वेळेत उपचार सुरू केले आणि मूत्रपिंडं वाचली. लघवीची तपासणी मीच लिहिली होती, हे मला आजही सगळ्यांना सांगावंसं वाटतं. ती वाचून गप्प बसलो तोही मीच, हे सांगावंसं वाटत नाही.

ती बरी होऊन आली तेव्हा घरचे पेढे घेऊन आले. आधी लॅबमध्ये गेले. माझ्याकडे आले तेव्हा बॉक्स अर्धा झाला होता.

त्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मी लॅबच्या दारात जाऊन उभा राहिलो. दोघी बहिणी बाकावर बसल्या होत्या. औषधांनी एकीचा चेहरा गोल झाला होता, त्यामुळे आता त्या कुणालाही वेगळ्या ओळखू आल्या असत्या. रडत होती ती धडधाकट बहीण.

"मला का नाय झालं, भाऊ?" ती विचारत होती. "एका पोटातनं, एकाच टायमाला आलो आमी. हिलाच का?"

तो नेहमीप्रमाणे खाली उकिडवा बसला होता. म्हणाला, "डिंभ्याचा कालवा बघितलाय ना? कालव्यातनं चारी निघती, वावरात जाती. तुमा दोघींच्या वावरातल्या चाऱ्या एकसारख्या खणलेल्या, आजा-पणज्यापासनं आलेल्या. पर चारीला दारं असत्यात. कुठलं उघडं, कुठलं बंद, त्याच्यावर पीक. अंगात बी तसंच हाय. काही दारांना बारकी कुलपं असत्यात. हिच्या दोन-चार दारांची कुलपं गळाली. जे पाणी अडून राहायचं ते सुटलं, आन् आपल्याच राखणदारांनी आपलंच पीक तुडवलं."

"कुणी गाळली कुलपं?"

"ते मला ठावं असतं तर मी इथं रक्त काढत बसलो असतो का, ताई? धुरानं गळत्यात, उन्हानं गळत्यात, एखाद्या तापानं गळत्यात. कधी कशानं न्हाई तर आपसूक. म्हणून तर दोघींचं लिवून घेतोय."

"परत लावता येत्यात?"

"लोक शोधत्यात. चारी एकदा खणली ती खणली, ती काय बदलत न्हाई. कुलूप परत लागू शकतंय. तेवढ्याच आशेवर मी हाय."

मला राहवलं नाही. मी दारातूनच म्हणालो, "या कुलपांना मिथिलेशन म्हणतात. डीएनएवर मिथिल गट चिकटलेले असतात, ल्युपसमध्ये काही पेशींतले ते कमी होतात."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. एकीने उठून मला स्टूल दिलं.

एकदा मात्र त्याची चांगली जिरणार असं मला वाटलं होतं. कळंबची एक सून, सांधेदुखीची, त्याच्याकडे जाऊन बोलून आली आणि घरी जाऊन सासूला म्हणाली की लॅबवाल्या भाऊंनी वहीत लिहून घेतलंय, माझा आजार कोणत्या वर्षी सुरू झाला ते. ते वर्ष म्हणजे तिच्या लग्नाचं वर्ष. सासूने दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडली आणि घोडेगावच्या रस्त्यात उभी राहून ओरडायला लागली.

"कुठाय तो वहीवाला? माझ्यामुळं हिला रोग झाला असं लिवलंय व्हय? दाव मला! दाव!"

मी पेशंटला तसाच तपासणीच्या टेबलावर सोडून दारात आलो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. दुकानं टाकून लोक जमले. तो बाहेर आला, चप्पलही न घालता.

"आक्का, तसं लिवलेलं न्हाई. कशामुळं झालं ते मला कळत न्हाई, तर मी लिवणार कसं? काय झालं तेवढंच इचारतो. कारण इचारत न्हाई."

"एकच झालं ते!"

"न्हाई आक्का. त्याच वर्षी त्यांनी मशेरी धरली. त्याच वर्षी घरात दोन म्हयनं ताप व्हता. त्याच वर्षी तुमचं मालक गेलं. आता ह्यातलं कोण कारण? समदी असतील, न्हाई तर एक बी नसंल."

नवऱ्याचं नाव निघताच बाईचा उगारलेला हात खाली आला. तो म्हणाला, "तुमच्या हाताची बोटं बी वाकडी दिसत्यात. कधीपासनं?" मग तिला आत घेऊन गेला. मी घड्याळ पाहिलं. ती दोन तास आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती आणि हातात त्याने दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या. परतीच्या एसटीत तिला बसवून द्यायला तो स्वतः स्टँडपर्यंत गेला. मी आत येऊन पेशंटला म्हणालो, "काय तमाशा आहे." पेशंट म्हणाला, "भाऊ लई भारी माणूस हाय, साहेब."

आता जे सांगायचं आहे त्यात माझ्या बायकोचा विषय आहे.

ती मंचरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. हिवाळ्यात तिने सांगितलं की सकाळी बोटं उघडत नाहीत, पहिल्या तासाला खडू धरता येत नाही. मी म्हणालो, "थंडी आहे. कॅल्शियम घे." महिन्याभराने म्हणाली की डब्याचं झाकण निघत नाही. मी झाकण काढून दिलं. आणखी महिन्याभराने ती काही म्हणेनाशी झाली आणि मला वाटलं, कॅल्शियम लागू पडलं.

एका शनिवारी मी खिडकीतून पाहिलं, सकाळची शाळा करून आलेली माझी बायको खांद्याची पिशवी सावरत रस्त्याच्या पलीकडे एसटीतून उतरली आणि लॅबमध्ये शिरली. माझ्या दवाखान्याकडे तिने पाहिलंही नाही. सव्वा तास ती आत होती. त्या सव्वा तासात मी पाच पेशंट तपासले आणि पाचांपैकी एकाचंही बोलणं माझ्या कानात शिरलं नाही. ती बाहेर आली ती तशीच घरी गेली. जेवताना मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात बंद पाकीट.

"आज चिठ्ठी लावली न्हाई, साहेब," तो म्हणाला. "सोता घेऊन आलो."

मी पाकीट फोडलं. संधिवाताचा तो प्रकार, ज्यात शरीर स्वतःच्या सांध्यांना परकं समजतं. पुण्याला पाठवलेली मोठी तपासणीही त्यात होती, आकडा लाल शाईत, शंकेला जागाच नाही. तीन महिने माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी बसून हा आजार जेवत होता आणि मी त्याला कॅल्शियम वाढत होतो.

माणसाने अशा वेळी काय विचारावं? औषध कोणतं, कोणाला दाखवू, किती उशीर झाला. मी विचारलं, "सव्वा तास ती काय बोलली?"

"ते त्यांनाच इचारा."

"वही दाखवा मला."

"न्हाई दाखवणार, साहेब."

"माझी बायको आहे ती."

"व्हय की. पर पान त्यांचं हाय."

"माझ्याबद्दल काय लिहिलंय तुम्ही त्यात?"

तो म्हणाला, "तुमचं रक्त कधी माझ्याकडं आलंच न्हाई. तुमचं पान न्हाई माझ्याकडं."

मी त्याला बाहेर जायला सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, बाकावरच्या लोकांनी ऐकलं.

मला कशाची भीती वाटत होती ते मला पक्कं माहीत होतं. चार वर्षांपूर्वी आमची मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली. तिसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडला. गावात तापाची साथ होती हे खरं आहे, पण साथ नसती तरी मी उघडलाच असता. घरी त्या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नाही. मी बोललो नाही, म्हणून तीही बोलली नाही. आता त्या वहीत कुठेतरी मोत्यासारख्या अक्षरात ते वर्ष लिहिलेलं होतं, आणि त्याच्या खाली बोटं कधी आखडायला लागली तेही. कळंबच्या त्या सासूला मी हसलो होतो. तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की ती रस्त्यात उभी राहून ओरडली आणि मी खुर्चीत बसून.

त्या दिवसापासून मी त्याच्याकडे नमुने पाठवणं बंद केलं. मंचरच्या रस्त्याला पुण्याच्या एका मोठ्या लॅबचं कलेक्शन सेंटर नव्यानेच सुरू झालं होतं. तिथली पोरगी हसून रक्त घ्यायची, एक प्रश्न विचारायची नाही, रिपोर्ट मोबाईलवर यायचा. मी पेशंटना सांगायचो, तिथली मशिनं चांगली आहेत. खरंच चांगली होती. पेशंट समोरच्या लॅबकडे एकदा बघायचे आणि मुकाट्याने मंचरच्या गाडीत बसायचे.

बायकोला मात्र मला काही सांगता आलं नाही. तिचे उपचार पुण्यात सुरू झाले. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, आणि यकृतावर परिणाम होतो का ते बघायला दर महिन्याला रक्त. ते ती त्याच्याकडेच द्यायची. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी खिडकीकडे पाठ करून बसायला लागलो.

एकदा तिथून आल्यावर ती म्हणाली, "भाऊ आज काय सांगत होते माहितीये? म्हणे बाईच्या पेशीत एक्स क्रोमोसोम दोन असतात, आणि प्रत्येक पेशी त्यातला एक कुलूप लावून जन्मभर बंद ठेवते. कधीकधी त्यातली काही कुलपं सैल होतात. असले आजार बायकांनाच जास्त का, त्याचं एक कारण ते असू शकतं म्हणाले."

"तेवढं मलाही माहीत आहे," मी म्हणालो.

"मग मला कधी सांगितलं नाहीत?"

ती भांडायला म्हणून बोलली नव्हती. भाजी निवडता निवडता बोलली होती, आखडलेल्या बोटांनी, एक एक पान सावकाश.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्याने लॅब बंद केली. डोळ्यांचं निमित्त सांगितलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याने एका पेशंटच्या पेशी दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा वेगळ्या भरल्या, तिसऱ्यांदा मोजायला तो बसलाच नाही. त्याच दिवशी पाटी उतरवली. डोळे बिघडले होते हे खोटं नव्हतं. पण माझे नमुने येत राहिले असते तर त्याने हाताखाली कुणीतरी ठेवलं असतं आणि लॅब चालली असती, हेही खोटं नाही. तो यातलं एक अक्षर कधी बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं माझ्याहून वेगळ्या जातीचं होतं.

वह्या घेऊन तो पुण्याला जुन्या संस्थेत गेला. तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी त्याला बसवून, चहा देऊन, दिवसभर वह्या वाचल्या आणि संध्याकाळी सांगितलं की हे फार सुंदर आहे, पण हे विज्ञान नाही. निरोगी माणसांना हेच प्रश्न विचारलेले नाहीत, पेशीतल्या त्या कुलपांची तपासणी केलेली नाही, माणूस आजारी पडल्यावर मागचं आठवून सांगतो आणि आठवताना जुळवतो. तो म्हणाला, बरोबर आहे. वह्या उचलून परत आला आणि गावोगाव फिरून ज्याची त्याची पानं ज्याला त्याला परत द्यायला लागला. त्याच्या जुन्या स्कूटरवर शिनोली, डिंभे, कळंब, पार जुन्नरपर्यंत. जी माणसं गेली होती त्यांची पानं त्याने घरच्यांनाही दिली नाहीत. ती त्याने काय केली मला माहीत नाही.

आमच्या घरी तो एका सकाळी आला. मी एकटाच होतो.

"बाई हायेत का?"

"शाळेत गेलीय. माझ्याकडे द्या."

"संध्याकाळी येतो," तो म्हणाला आणि वळला.

मला संताप आला, आणि संतापाखाली आणखी काहीतरी होतं ज्याने मला दारापर्यंत नेलं. मी म्हणालो, "अहो, थांबा. इतकी वर्षं लिहिलंत. पुण्याच्या त्या बाई म्हणतात ते तुम्हाला आधीच कळत होतं की नाही?"

"कळत व्हतं की. आठ वर्षं तिथंच व्हतो."

"मग कशासाठी लिहिलंत?"

तो पायरीवर बसला. उकिडवाच. म्हणाला, "आईची कातडी घट्ट व्हत गेली व्हती, साहेब. आदी बोटांची, मग हाताची, मग तोंडाची. शेवटाला घास जायना. तिला बी हेच, आपलंच अंग आपल्यावर उठलेलं. पुण्याला नेली, मुंबईला नेली. समद्यांनी तपासली. मी तर त्याच कामातला, मी बी तिचं रक्त घेतलं, कितीतरी डाव घेतलं. पर तिचं कसं काय चाललंय, काय झालं तिचं, असं कुणी इचारलंच न्हाई. मी बी न्हाई. तिचं तोंड उघडंना झालं तवा मला इचारायचं सुचलं." तो उठला. "इज्ञान झालं असतं तर बरं झालं असतं. न्हाई झालं. पर माणसं बोलून हलकी व्हऊन जायची, हे मी सोता बघितलंय."

संध्याकाळी तो परत आला, बायकोच्या हातात घडी घातलेली दोन पानं दिली, चहा घेतला, तिच्या बोटांकडे बघून "सूज कमी हाय" म्हणाला आणि गेला. जुन्नरला भाचीकडे राहायला जायचं ठरलं होतं. मी त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो नाही. खिडकीतून पाहिलं. लॅबच्या बंद दाराजवळ तो स्कूटर चालू करत होता आणि येणारेजाणारे तिघं-चौघं थांबून त्याच्या पाया पडत होते. माझ्या कोणी पाया पडत नाही. माझी फी देऊन जातात.

ती दोन पानं बायकोने कपाटात ठेवली, कुलूप न लावता. ती शाळेत गेली की घर रिकामं असे आणि कपाट तिथेच असे. मी ती वाचली नाहीत. मोठेपणाने नाही, भीतीने.

महिना झाला, पहिला शनिवार आला. तिला रक्त द्यायचं होतं. ती म्हणाली, "मंचरला नाही जायचं मला. तुम्ही घ्या."

मी डॉक्टर आहे, पण हाताने रक्त काढून मला कित्येक वर्षं झाली होती. पट्टा बांधला. शीर सापडेना. आजाराने तिचा हात बारीक झाला होता. हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा सुई चुकली. दुसऱ्यांदा लागली आणि नळीत रक्त चढायला लागलं.

"भाऊंना मी तिचं नाव सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कोणाचं?"

"आपल्या मुलीचं. मी ठरवून ठेवलं होतं. पाचव्या महिन्यातच."

माझ्या एका हातात सुई होती आणि दुसऱ्या हातात तिचा दंड, त्यामुळे मला कुठे बघावं कळेना. नळी भरत आली होती. मी म्हणालो, "मला नाही सांगितलंस."

"आता सांगू?"

मी मान हलवली. तिने सांगितलं. दोन अक्षरी, साधं नाव आहे. सुई काढायचं विसरून मी ते मनात दोनदा म्हटलं, मग तोंडाने एकदा म्हटलं, आणि ती म्हणाली, "अहो, नळी," तेव्हा कुठे भानावर आलो.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. एका माणसाला ते माझ्या आधी कळलं, तेवढं पुरे आहे.